आठाच्या जागी शून्य

आमच्या घरात गाडी बायको चालवते. ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. आज या गावाला, उद्या त्या गावाला असा तिचा आठवडा जातो. सात वर्षांपूर्वी आम्ही एक छोटी पांढरी गाडी घेतली, तेव्हा ती पंधरा दिवसांत चालवायला शिकली आणि मी तिच्या डाव्या बाजूला डबा नि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायला शिकलो. दोघांचंही छान चाललं होतं. दर रविवारी गाडी धुण्याचं काम माझ्याकडे होतं. ते मी इतकं मन लावून करायचो की कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्यांना गाडी मीच चालवतो असं वाटायचं. मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचो नाही.

न शिकण्याचं कारण साधं होतं: मला भीती वाटायची. मी जळगावात एका शाळेत चित्रकला शिकवतो. वय अठ्ठेचाळीस, तब्येत ठणठणीत, शाळेत सायकलवर जातो. मूळचा शिंदखेड्याकडचा, त्यामुळे लहानपणी बैलगाडी हाकली आहे; पण तेव्हा बैलांना रस्ता माहीत असायचा आणि मी नुसता वर बसलेला असायचो. गाडीचं तसं नाही. गाडीला काहीच माहीत नसतं.

गेल्या वर्षी एका अंगणवाडीच्या ओल्या ओट्यावरून बायको घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. गाडी दारात उभी राहिली, तिच्यावर धूळ बसली, मांजरानं बॉनेटवर मुक्काम ठोकला. चौथ्या दिवशी बायको डाव्या हातानं चहा पीत खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाली,

"अहो, मी आडवी पडले की ही गाडी नुसती धुवायची का?"

मी म्हणालो, "सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"आणि सातव्या आठवड्यात डावं मनगट मोडलं तर?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पायऱ्या चढलो.

शिकवणारे मास्तर साठीचे, किरकोळ अंगाचे, सफारी घालणारे गृहस्थ होते. त्यांचा मोठा गुण म्हणजे ते कधी ओरडत नसत. शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी असायची. मी गाडी चालवायला लागलो की ते चिमूटभर बडीशेप तोंडात टाकत आणि शांतपणे चावत राहत. समोरून ट्रक आला की चावण्याचा वेग वाढायचा. हळूहळू मला त्यांच्या जबड्यावरूनच धोका किती जवळ आहे ते कळायला लागलं, आणि मग मी रस्त्याऐवजी त्यांच्या जबड्याकडेच बघायला लागलो. त्यावर मात्र ते पहिल्यांदा बोलले, "सर, माझं तोंड तुमच्या लायसन्सवर येणार नाहीये. पुढे बघा."

माझी खरी अडचण डावा पाय ही होती. क्लचवर ठेवला की तो थरथरायला लागायचा. थोडाथोडका नव्हे, शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचा चालतो तसा. पाय थरथरला की गाडी थरथरायची, गाडी थरथरली की आरशात मागचे लोक थरथरताना दिसायचे, मग मी आणखी घाबरायचो आणि गाडी बंद पडायची. रेल्वे पुलाच्या चढावर एकदा ती लागोपाठ चार वेळा बंद पडली. मागचा रिक्षावाला उतरून माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं आता शिव्या घालणार. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, पाणी पाहिजे का?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वर्गात, माझ्याच वेळेला, आणखी एक विद्यार्थी होते. वय त्रेसष्ट, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पायजम्याला कायम थोडं पीठ लागलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या मुलांची बेकरी होती आणि खारी, टोस्ट खेड्यापाड्यांवर पोचवायला त्यांनी एक छोटी व्हॅन घेतली होती. ड्रायव्हर टिकेनात. तेव्हा चाचा म्हणाले, मीच चालवतो. मुलं हसली. चाचा दुसऱ्या दिवशी क्लासला हजर.

चाचा तरुणपणी धुळ्याला टांगा हाकायचे. स्टेशनावरून गावात, गावातून स्टेशनावर. टांगे बंद झाल्यावर ते जळगावला आले. पण अंगातला टांगेवाला गेला नव्हता. गाडी थांबवायची असली की ब्रेक दाबायच्या आधी ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचे आणि जिभेनं "च्यक" असा आवाज काढायचे. वळताना मोकळ्या हातानं गाडीचा दरवाजा थोपटायचे. पण भीती त्यांना नावालाही नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी भाजीबाजाराच्या गर्दीतून गाडी अशी काढली की मास्तर बडीशेप चावायचीच विसरले.

आम्ही दोघं आळीपाळीनं चालवायचो. एक चालवताना दुसरा मागे बसायचा. माझा पाय थरथरायला लागला की मागून चाचांचा आवाज यायचा, "आस्ते, सर. काही नाही. बिचारी नवीन आहे." ते गाडीबद्दल बोलत की माझ्याबद्दल, हे मी कधी विचारलं नाही.

गाडी हातात यायच्या आधीच शिकाऊ लायसन्सची परीक्षा झाली होती. ती संगणकावर होती आणि तिथे रस्त्यावरच्या खुणा ओळखायच्या होत्या. चाचांना उर्दू चांगलं वाचता यायचं, मराठी अडखळत. खुणांची पुस्तिका बघून ते म्हणाले, "सर, हे चित्रांचं काम आहे. हे तुमच्याकडे." मग मी शाळेतल्या कार्डशीटचे तुकडे करून एकेक खूण रंगवली. सात-आठ दिवस आम्ही बेकरीच्या ओट्यावर बसून अभ्यास केला. चाचांची स्मरणशक्ती पक्की होती. फक्त "पुढे जनावरं आहेत" या खुणेशी ते अडले. कार्ड लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय चाचा, कळत नाहीये का?"

"कळतं आहे. जनावर आहे. पण सर, याचे मागचे पाय चुकले. असे पाय असले तर जनावर चालणार नाही, बसणार."

पंचवीस वर्षं मी मुलांना प्राण्यांची रेखाटनं शिकवतोय. मी घरी जाऊन पाहिलं. पाय खरंच चुकले होते.

त्या परीक्षेत दोघंही पास झालो. खरी परीक्षा महिन्यानंतर होती. गावाबाहेरच्या एका मैदानात रंगवलेल्या टायरांमधून इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवायची, मग एका चढावर मध्येच थांबवून मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची, एवढंच. आरटीओचे साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसणार आणि बघणार.

एवढंच, असं आता लिहितो. त्या महिन्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं. आठ काढणं हे तर माझ्या धंद्यातलं काम. फळ्यावर मी हात न उचलता, एका दमात, दोन्ही पोटं सारखी असलेला आठ काढतो. दरवर्षी पाचवीची पोरं त्याला टाळ्या वाजवतात. म्हणून मी शाळेच्या रिकाम्या तासाला फळ्यावर आठ काढत बसू लागलो. मोठे, छोटे, आडवे. शिपायानं विचारलं, "सर, आठवीचा वर्ग आहे का इथे?" घरी जेवताना बोट ताटातल्या वरणात आठ काढायचं. परीक्षेच्या चित्राआधी हात थरथरणाऱ्या मुलांना मी इतकी वर्षं सांगत आलो होतो, "हात सैल सोडा, काही होत नाही." ते वाक्य किती निरुपयोगी आहे हे मला तेव्हा कळलं.

शाळेतल्या पीटीच्या सरांनी मला श्वासाचा एक प्रकार शिकवला: चार आकडे आत, आठ आकडे धरून, आठ आकडे बाहेर. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "पोट रिकामं असलं की भीती जास्त वाटते. खाऊन जा." परीक्षेच्या सकाळी मी दोघांचंही ऐकलं. दोन भाकरी, शेवेची भाजी आणि वर ताक असं भरपेट खाऊन, मैदानाकडे जाणाऱ्या गाडीत मागे बसून मी श्वास आठ आकडे धरून ठेवायला लागलो. तिसऱ्या वेळी चाचांनी मास्तरांना गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला, एका केळीच्या बागेच्या कुंपणाशी, भाकरी आणि श्वास दोन्ही बाहेर आले.

मैदानावर पोचल्यावर मला मास्तरांची एक गोष्ट कळली. गाडी त्यांनी आम्हाला दिली, कागद दिले, आणि ते मैदानाच्या टोकाला असलेल्या चहाच्या टपरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. मी विचारलं, "मास्तर, बघणार नाही का?"

"मला नाही बघवत," ते म्हणाले. "तेवीस वर्षं झाली. एकदाही बघितलं नाही. तुम्ही जा."

पहिला नंबर चाचांचा होता. साहेब तिशीतले, कडक इस्त्रीच्या खाकी कपड्यांतले, पण बोलायला मऊ. चाचांनी गाडी सुरू केली, अलगद पुढे घेतली, पहिलं वळण लोण्यासारखं काढलं. मी मनात म्हणालो, हे पास. तेवढ्यात गाडी साहेबांच्या खुर्चीसमोर आली आणि चाचांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला लावला. सलाम.

"चाचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा," साहेब म्हणाले.

"जी साहेब," चाचा म्हणाले आणि हुकूम कळला हे सांगायला त्यांनी पुन्हा सलाम केला.

आठ काढायचा म्हणजे साहेबांसमोरून दोनदा जावं लागतं. दुसऱ्या वेळी चाचांना आठवलं की उजवा हात काढायचा नाही. म्हणून त्यांनी डाव्या हातानं सलाम केला. मग डाव्या हातानं सलाम करणं बरं दिसत नाही हे लक्षात येऊन चूक सुधारायला उजवाही वर नेला. बिनहाताची गाडी सरळ गेली, दोन टायर आडवे केले आणि तिसऱ्याला टेकून बंद पडली.

"मला माफ करा साहेब," चाचा खाली उतरून म्हणाले. "धुळ्याला वीस वर्षं टांगा हाकला. खाकी दिसली की हात आपोआप वर जातो."

साहेबांनी तोंडावर कागद धरला. हसत असावेत.

मग मी. दार उघडून आत बसलो, आरसा सरळ केला, पुन्हा सरळ केला. क्लचवर पाय ठेवला आणि शिलाई मशीन सुरू झालं. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. टायर येत होते आणि जात होते. मी वळत होतो. कानात माझाच श्वास, तोंडात ताकाची आंबट चव. बऱ्याच वेळानं मी जिथून निघालो होतो तिथे परत आलो, एकाही टायरला धक्का न लावता. मी घामानं चिंब झालो होतो, पण खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला.

साहेब खुर्चीवरून उठून माझ्या खिडकीशी आले.

"सर, तुम्ही काय करता?"

"चित्रकला शिक्षक आहे."

"सर, हा आठ नाही झाला."

"मग?"

"शून्य झालं. मोठं आहे, चांगलं गोल आहे. पण शून्य आहे."

मधल्या जागी ओलांडून पलीकडे जायचं असतं, ते मी केलंच नव्हतं. बाहेरच्या बाहेर पूर्ण प्रदक्षिणा घालून आलो होतो. साहेबांनी दोघांनाही पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मी टपरीकडे गेलो तेव्हा मास्तर पाठ वळवूनच बसले होते. त्यांनी विचारलं, "गाडी उभी आहे ना?" मी हो म्हणालो. "मग बाकी बघू," असं म्हणून त्यांनी तीन चहा सांगितले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिचं प्लास्टर डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे वाढवलं होतं. तिला हसू दाबता येईना. हसताना प्लास्टरमधला हात हलून दुखायचा, मग ती "आई गं" म्हणायची आणि पुन्हा हसायची. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या चाचांना घेऊन या उद्या सकाळी. बाजाराच्या मैदानात. मी साहेब बनते."

आमच्या भागातलं आठवडे बाजाराचं मैदान बाकीचे सहा दिवस रिकामं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी आम्ही तिथे विटा मांडून आठ केला. बायकोनं पीटीच्या सरांचा एनसीसीचा खाकी शर्ट मागून आणला होता. तो साडीवर खांद्यावरून पांघरून, गळ्यात हात अडकवून ती घडीच्या खुर्चीवर बसली. आमचीच पांढरी गाडी, लाल एल लावलेली, आणि शेजारी मास्तर. एरवी मैदानाकडे पाठ करून बसणारे मास्तर इथे मात्र बसले, कारण ही परीक्षा खोटी होती.

पहिल्या फेरीत चाचांनी बायकोलाही सलाम केला.

"चाचा, हात!" ती ओरडली.

दुसऱ्या फेरीत हात अर्ध्यावर गेला आणि परतला. तिसऱ्यात नुसती बोटं उचलली गेली. चौथ्या दिवशी बायको उठून उभी राहिली, गाडीच्या शेजारून चालत चालत "काय हो, काय हो, इकडे बघा," असं दरडावत गेली, तरी चाचा समोर बघत राहिले. फक्त त्यांच्या दाढीतून घाम गळत होता. "भाभी, फार कठीण काम आहे," ते उतरल्यावर म्हणाले. "माणसासमोरून न बघता जाणं. बेअदबी वाटते."

माझं मात्र तसंच होतं. आता मधली जागा ओलांडायचं लक्षात राहायचं, पण पाय ऐकत नव्हता. मी थांबून पायाची थरथर जाण्याची वाट बघायचो. ती जायची नाही. एका सकाळी मास्तर आणि बायको चहा आणायला गेले होते. गाडीत मी आणि चाचाच होतो. चाचा म्हणाले,

"सर, माझी एक घोडी होती. इंजिनची शिट्टी झाली की चारी पायांनी कापायची. आणि धंदा स्टेशनावरचा. सांगा, काय करणार?"

"काय केलंत?"

"आधी मी पण थांबायचो. थोपटायचो, गूळ द्यायचो. कापणं बंद झालं की निघू म्हणायचो. तेवढ्यात दुसरी गाडी यायची, दुसरी शिट्टी. सवारी उतरून दुसऱ्या टांग्यात जायची. मग एक दिवस मी म्हटलं, काप. कापत कापत चल. लगाम हलवला. ती कापत होती आणि चालत होती. पार बाजारपेठेपर्यंत. तुमचा पाय कापतो आहे ना? कापू द्या. त्याला बंद हो म्हणू नका. क्लच सोड म्हणा."

"आणि घोडीचं कापणं पुढे गेलं का?"

चाचांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षं कापत होती."

मला यातून धीर मिळावा की नाही हे कळेना. पण मी गाडी सुरू केली आणि थरथरत्या पायानंच क्लच सोडला. गाडी बेडकासारख्या उड्या मारत निघाली. दहा हात गेल्यावर उड्या थांबल्या आणि ती चालायला लागली. पाय कापतच होता. गाडीला त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी फक्त एक केळं खाल्लं आणि श्वास जसा येईल तसा घेतला. या वेळी पहिला नंबर माझा होता. उड्या मारत निघालो. पहिलं पोट, मग मध्ये ओलांडून दुसरं पोट. फळ्यावरच्या आठासारखा झाला नाही. एक पोट लहान, एक मोठं, पाचवीच्या पोरांनी हसावं असा. पण आठ होता. चढावर मध्ये थांबलो. क्लच, ब्रेक, आणि पाय असा हलतोय की डॅशबोर्डवरचा कागद खाली पडला. साहेब चालत जवळ आले.

"सर, पाय दुखतोय का?"

"नाही साहेब. घाबरलोय."

"बरं," ते म्हणाले. "निघा वर."

गाडी बोटभर मागे आली, थबकली, आणि खडखडत वर गेली. वर जाऊन मी हँडब्रेक इतका जोरात ओढला की तो सोडायला नंतर चाचांना बोलवावं लागलं. साहेबांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "झालं. रोज चालवा. महिनाभर हायवेला जाऊ नका."

मग चाचा गाडीत बसले, आणि मला काय झालं कोण जाणे, मला उभं राहवेना. मी टपरीवर गेलो आणि मास्तरांच्या शेजारी, मैदानाकडे पाठ करून बसलो. त्यांनी बडीशेपेची पुडी माझ्यापुढे धरली. आम्ही दोघं चावत समोरच्या रिकाम्या शेताकडे बघत राहिलो. मागे गाडीचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा. एकदा आवाज थांबला. मास्तरांनी डोळे मिटले. पुन्हा सुरू झाला. मग दार लागल्याचा आवाज आला आणि बराच वेळ काहीच नाही.

शेवटी मीच मान वळवली. चाचा गाडीजवळ उभे होते आणि साहेबांना काहीतरी विचारत होते. नंतर कळलं. निकाल सांगून झाल्यावर चाचांनी विचारलं होतं, "साहेब, आता सलाम करू का?" साहेबांनी टोपी नीट केली आणि आधी स्वतःच सलाम केला.

त्या संध्याकाळी बेकरीतून आमच्याकडे एवढी खारी आली की कॉलनीत वाटूनही उरली.

काही दिवसांनी लायसन्स टपालानं घरी आलं. त्यावरच्या फोटोत मी कुणीतरी पकडून आणल्यासारखा दिसतो. बायकोचं प्लास्टर निघालं, पण मनगटाला जोर यायचा होता. महिना उलटल्यावर एका शनिवारी ती रेल्वेनं पाचोऱ्याला माहेरी गेली आणि जाताना म्हणाली, "उद्या न्यायला या. गाडी घेऊन. एकटे."

रविवारी सकाळी निघालो. कापसाचे दिवस होते. सामनेरच्या पुढे माझ्या समोर कापसानं गच्च भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली आली. ताडपत्री बांधलेला तो पांढरा डोंगर मंद वेगानं डुलत चालला होता. त्याच्या पुढचं काही दिसत नव्हतं. ओव्हरटेक करणं मला मास्तरांनी शिकवलं होतं, पण तेव्हा शेजारी मास्तर होते. मी ठरवलं, घाई नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून पुढे गेले, मोटारसायकली गेल्या, एक एस्टी गेली. मी ट्रॉलीच्या मागच्या लाल चिंधीवर नजर ठेवून शांतपणे चालत राहिलो. इतकं बरं वाटत होतं की पाय कापतोय की नाही हेही मी विसरलो. ट्रॉली थांबली की मी थांबायचो. वळली की वळायचो.

असंच एकदा ती डावीकडे वळली, मीही वळलो. एका मोठ्या फाटकातून आत गेली, मीही गेलो. मग ती थांबली, आणि माझ्या मागे दुसरी ट्रॉली येऊन उभी राहिली, तिच्या मागे तिसरी. मी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे कापूस. मी कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात, वजनकाट्याच्या रांगेत उभा होतो.

पुढच्या ट्रॅक्टरवरून एक धोतरवाले आबा उतरले, कमरेवर हात ठेवून माझ्या खिडकीशी आले.

"काय भाऊ, सामनेरपाईन मना मांगे शेतस तुम्ही. काय काम शे?" सामनेरपासून मी त्यांच्याच मागे होतो, हे खरंच होतं.

"काही नाही आबा. पाचोऱ्याला चाललोय."

"पाचोरा तिकडे राही गया," त्यांनी हायवेकडे हात केला. मग वाकून मागच्या सीटवर बघितलं. तिथे सासूबाईंसाठी नेलेला खारीचा डबा होता. "कापूस कोठे शे?"

मी खरं ते सांगितलं. नवीन आहे, ओव्हरटेक जमत नाही, तुमच्या मागे बरं वाटत होतं. आबांनी मागच्या दोन्ही ट्रॅक्टरवाल्यांना ओरडून ते सांगितलं, आणि त्यांनी आणखी मागच्यांना. सगळी रांग हसली. मागे घ्यायला जागाच नव्हती. बाहेर पडायचा एकच रस्ता होता, तो काट्यावरून. आबांची ट्रॉली मोजून पुढे गेली, मग मी चढलो. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं, वजन पाहिलं आणि हातानंच जा म्हणून खूण केली.

पाचोऱ्याला पोचायला मला दीड तास उशीर झाला. बायको दारातच उभी होती. तिनं आधी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही बाजूंनी वाकून पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता. पुढच्या काचेशी येऊन ती थांबली आणि वायपरमध्ये अडकलेला कापसाचा झुबका दोन बोटांत धरून तिनं बाहेर काढला.

"हे काय?"

"आत चल," मी म्हणालो. "आधी पाणी दे. मोठी गोष्ट आहे."